सहीपुरती सोडलेली जागा

४ जानेवारी, शनिवार

नव्या वर्षात रोज लिहायचं ठरवलं होतं. आज चार तारीख आणि हे पहिलं पान. म्हणजे वर्ष नेहमीसारखंच सुरू झालंय.

जेवताना आज चांगलीच जुंपली. आमच्या लेकीचा, मैत्रेयीचा, ए लेव्हलचा म्हणजे इथल्या बारावीचा निकाल फेब्रुवारीअखेर लागेल आणि दंतवैद्यकाच्या प्रवेशाचा अर्ज एकोणीस मार्चपर्यंत भरायचा आहे. अर्जाला दोन शिफारसपत्रं लागतात. एक तिचे बायोलॉजीचे सर देणार, ते ठरलं. दुसरं अशा कुणाचं तरी हवं, ज्याने तिला काम करताना पाहिलंय.

माझ्या नवऱ्याचं, रत्नदीपचं, मत असं, की त्याच्या आंग मो किओच्या ऑफिसातल्या धवलचा मेहुणा एका मोठ्या स्पेशालिस्टला ओळखतो, त्याचं पत्र घ्यावं. "लेटरहेड बघूनच गार होतील." त्या माणसाने मैत्रेयीला जन्मात पाहिलेलं नाही, हा मुद्दा आमच्या साहेबांना किरकोळ वाटतो.

मैत्रेयी म्हणाली, "मी मिस रोहायूला विचारू?"

रोहायू म्हणजे इथल्या, सेम्बावांगच्या वृद्धाश्रमातली सुपरवायझर. मैत्रेयी दर बुधवारी तिथे जाऊन आजी-आजोबांच्या कवळ्या धुऊन देते. मागच्या वर्षी हिने अकरा कवळ्या एकाच टबात टाकल्या आणि मग कुठली कुणाची तेच कळेना. सगळा आश्रम दोन दिवस पेजेवर! मी म्हटलं, "ती बाई तुझं कवळ्यांचंच लिहील."

"सो?" म्हणाली.

मी डॉक्टर येओंचं नाव सांगितलं. मे महिन्यापासून ती दर शनिवारी आमच्या बिशानच्या क्लिनिकमध्ये येते, डॉक्टरांनी तिला जवळून पाहिलंय. शेवटी माझंच चाललं. दातांच्या बाबतीत घरात माझ्या शब्दाला वजन आहे, एरवी फारसं नाही. माझीही बीडीएसची डिग्री आहे, नांदेडची, पण ती इथे, या देशात, चालत नाही. सूटकेसच्या तळाशी आहे, लग्नाआधीच्या नावाची. सुलेखा सोनकांबळे. मी अकरा वर्षं डॉक्टर येओंच्या शेजारी लाळ ओढणारी सक्शनची नळी धरून उभी असते.

१० जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरांना विचारलं. लगेच हो म्हणाले. मग नेहमीचं वाक्य, इथल्या धाटणीच्या इंग्रजीत, "सुलेखा आ, यू राईट लाह. आय साइन."

हे मला अपेक्षितच होतं. क्लिनिकमधून जाणारं प्रत्येक पत्र मी लिहिते. डॉक्टर पिवळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने तीन शब्द खरडतात. 'अक्कलदाढ. नस. घाबरट.' मी त्याचं पानभर पत्र करते, खाली सहीपुरती जागा सोडते, ते न वाचता सही करतात. एकदाच वाचलं होतं आणि म्हणाले होते, "आय सो पोलाइट आ?"

म्हणाले, "चिठ्ठी देतो तुला."

मी म्हटलं, "चिठ्ठी कशाला, डॉक्टर? माझी मुलगी आहे. मला माहीत आहे सगळं."

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि परत ठेवली. तोंडात घालायच्या छोट्या आरशाच्या दांडीने ट्रेवर दोनदा टकटक केलं. सक्शन हवं असलं की ते असं करतात. पुढचा पेशंट खुर्चीत होता.

१४ जानेवारी, मंगळवार

टॅक्सीवाले अंकल तपासणीला आले. संत्र्यांची पिशवी घेऊन आले होते. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गालात आतून पांढरा डाग होता. तो पहिल्यांदा मला दिसला. मला तोंड उघडून बोलायचा अधिकार नाही, पेशंटसमोर तर नाहीच. मी सक्शनची नळी त्या डागाशी नेली आणि तिथेच धरून ठेवली, डॉक्टर बघेपर्यंत. कॅन्सरची सुरुवात होती, वेळेत सापडली म्हणून वाचले. आज संत्री डॉक्टरांच्या हातात देत म्हणाले, "डॉक्टर सेव्ह माय लाइफ." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग संत्री माझ्याकडे ठेवायला दिली. गोड निघाली.

नंतर मॅडम सोह. वय ब्याऐंशी. खुर्चीत बसल्या की तोंड शिवल्यागत मिटून घेतात. त्यांचा हात धरून त्यांच्या होक्किएन या चिनी बोलीत एक ते दहा मोजायचं, दहाला तोंड उघडतं. माझ्या सातच्या उच्चाराला त्या दर वेळी हसतात.

२० जानेवारी, सोमवार

पत्र जमत नाहीये. डॉक्टरांच्या नावाने आजवर शेकड्यांनी पत्रं लिहिली असतील, कधी पाच मिनिटांच्या वर वेळ लागला नाही. आणि पोटच्या पोरीबद्दल लिहायला बसले तर 'कष्टाळू, प्रामाणिक, वक्तशीर'. असं तर शेजारच्या दुकानातल्या पोऱ्याबद्दलही लिहिता येईल. शनिवारी मैत्रेयी क्लिनिकमध्ये नक्की काय करते ते आठवायला गेले, तर डोळ्यांसमोर ती बाहेरच्या बाकावर पेशंटांशी गप्पा मारतानाच दिसते.

डॉक्टर म्हणाले, "लेटर व्हेअर?"

"चिनी न्यू इयरनंतर, डॉक्टर. चांगलं लिहायचंय."

"व्हाय वेट? आय ओल्ड ऑलरेडी." आणि हसले.

२७ जानेवारी, सोमवार

चिनी नववर्षाच्या सुटीआधीचा शेवटचा दिवस. डॉक्टरांनी सणाच्या पैशांचं लाल पाकीट दिलं, मैत्रेयीसाठी वेगळं दिलं. पत्राचं पुन्हा विचारलं. मी मान खाली घातली. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, काहीतरी काढणार होते, तेवढ्यात मॅडम सोह ठणकणारी दाढ घेऊन आल्या आणि सगळंच राहिलं. उद्यापासून क्लिनिक बंद. पुढच्या सोमवारी उघडेल.

१ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टर गेले. काल दुपारी, जेवण झाल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या. मिसेस येओंचा फोन आज सकाळी आला.

संध्याकाळी आम्ही तिघं गेलो. आंग मो किओला त्यांच्या ब्लॉकखाली, इमारतीच्या तळाशी, पांढरा मांडव घातलाय. फोटोत ते माझ्याकडे बघत होते, की 'लेटर व्हेअर?' मी रडले नाही. मैत्रेयी मात्र इतकी रडली की मिसेस येओच तिला जवळ घेऊन बसल्या. मला वाटलं नव्हतं तिला एवढं लागेल. आठ महिन्यांतले शनिवार ते किती.

निघताना सगळ्यांना लाल दोऱ्याचा तुकडा देतात. घरी पोहोचायच्या आत टाकून द्यायचा म्हणे, म्हणजे मागे काही येत नाही. रत्नदीपने ब्लॉकच्या कोपऱ्यावरच टाकला, मैत्रेयीने स्टेशनवर. मी पर्समध्ये ठेवला आणि विसरले. आत्ता लिहिताना सापडला. असू दे. आमच्यात असलं काही मानत नाहीत. बाबा आम्हा भावंडांना मुद्दाम स्मशानाच्या वाटेने शाळेत न्यायचे, भीती मोडावी म्हणून. दोरा या वहीत ठेवलाय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मिसेस येओंनी क्लिनिकच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या. मार्चअखेर जागा सोडायची. तोवर पेशंटांना कळवणं, फायली ज्याच्या त्याच्या नव्या डॉक्टरकडे पाठवणं, सामान आवरणं, सगळं माझ्यावर. "यू नो एव्हरीथिंग," म्हणाल्या. खरं आहे. डॉक्टरांच्या ईमेलचा पासवर्डही मलाच माहीत आहे, त्यांना स्वतःला कधी आठवायचा नाही.

पेशंटांना पाठवायचं पत्र लिहायला घेतलं. पाच मिनिटांत झालं. वाचून पाहिलं तर पहिलं वाक्य असं: 'प्रिय पेशंट, कळवण्यास खेद होतो की ३१ जानेवारी रोजी माझे निधन झाले.'

मी हसायला लागले. रिकाम्या क्लिनिकमध्ये एकटीच बसून हसत होते, आणि ते हसणं थांबेना तेव्हा उठून तोंड धुतलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन. मी काउंटरवर फायली लावत होते. आतल्या खोलीत ट्रेवर दोनदा टकटक झालं. माझे पाय माझ्याही आधी निघाले. खुर्चीच्या डाव्या बाजूला, माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले, हात सक्शनच्या नळीकडे गेला. खुर्ची रिकामी. दिवा बंद. ट्रे कधीच आवरून ठेवलेला.

एसीचा पाइप असेल. वरच्या मजल्यावर कुणी खिळा ठोकत असेल. तरी मी म्हटलं, "वन मिनिट, डॉक्टर," आणि बाहेर येऊन कॉम्प्युटरवर बसले.

आणि पत्र आलं. एका बैठकीत. इंग्रजीत आहे, इथे मराठीत उतरवून ठेवते.

'मी चाळीस वर्षं दात काढतो आहे. माणसाचे हात मला पहिल्या आठवड्यात कळतात. हिचे हात घाबरत नाहीत. एका रुग्णाच्या गालातला डाग हिने माझ्या आधी पाहिला आणि एक शब्दही न बोलता मला दाखवला. भीतीने तोंड न उघडणाऱ्या वृद्धेचा हात धरून ही तिच्याच भाषेत दहापर्यंत मोजते. हिला कुणी धन्यवाद म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि ही त्याची वाट पाहत थांबली असंही कधी झालं नाही. ही शेजारी उभी असली की मला माझं वय जाणवत नाही. हिला खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहू द्या.'

वाचताना सगळं त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं. जानेवारीभर जमलं नाही ते आज त्यांनीच सांगितल्यासारखं झालं. मैत्रेयीने हे सगळं अजून केलेलं नाही, मान्य. पण पुढे करेलच की. माझीच मुलगी आहे. थोडं आधी लिहिलं, एवढंच.

१६ फेब्रुवारी, रविवार

आमच्या मंडळाची महिन्याची बुद्धवंदना. या वेळी बिशानला, नागसेन आणि हर्षाच्या घरी. पंचशील म्हणताना चौथ्याला, 'मुसावादा वेरमणी'ला, मी थांबले. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. सगळे पुढे पाचव्यावर गेले, मी तिथेच. हर्षाला वाटलं डॉक्टरांच्या आठवणीने भरून आलं, तिने पाणी आणून दिलं. मी घेतलं.

खोटं कुठे आहे त्यात? डॉक्टर हो म्हणाले होते. 'यू राईट' म्हणाले होते. अकरा वर्षांतलं कुठलं पत्र त्यांनी लिहिलं होतं? फक्त सही राहिली. आणि ही सही म्हणजे तरी काय, विद्यापीठाची लिंक ईमेलवर येते, पत्र चिकटवायचं आणि एक बटण दाबायचं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

निकाल लागला. चांगला आहे, अर्ज करण्याइतका नक्कीच चांगला. रत्नदीपने ऑफिसातूनच सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं.

मैत्रेयी माझ्याजवळ येऊन बसली. "आई, सेकंड लेटर? डॉक्टर येओ तर आता... मी मिस रोहायूला विचारते."

मी म्हटलं, "गरज नाही. डॉक्टरांनी जायच्या आधीच पत्र लिहून ठेवलंय. तू अर्जात फक्त त्यांचा ईमेल टाक."

किती सहज बोलून गेले.

ती म्हणाली, "त्यांनी लिहिलं? हिमसेल्फ?"

"हो."

"पहिल्या शनिवारचं पण लिहिलंय?"

पहिल्या शनिवारी काय झालं होतं मला काही आठवेना. मी म्हटलं, "सगळं लिहिलंय."

तिचे डोळे भरून आले. "ओके," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. ती असं बसून किती वर्षं झाली असतील. मी हलले नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांचे कोट धुऊन मिसेस येओंना द्यायचे म्हणून खिसे तपासले. सुटीच्या आदल्या दिवशीच्या कोटात पिवळी चिठ्ठी. त्यांचं पेन्सिलीतलं अक्षर. वर 'मैत्रेयी'. खाली तीन नोंदी:

'फेन्टेड. केम बॅक. मॉप.'

दहा वेळा वाचली. चक्कर येऊन पडली, परत आली, पोछा? हे कुणाबद्दल आहे? मैत्रेयी आमच्याकडे कधी चक्कर येऊन पडलेली नाही. पडली असती तर मला कळलं नसतं का? म्हातारपणी दुसऱ्याच कुणाचं तिच्या नावावर लिहिलं असेल. पेशंटांची नावं विसरायला लागलेच होते ते. आणि समजा खरं असतं तरी मी लिहिलं असतं का? चक्कर येणारी डेंटिस्ट कोण घेईल?

चिठ्ठी वहीत, लाल दोऱ्याजवळ ठेवली. बरं झालं मी चिठ्ठीसाठी थांबले नाही, असं वाटलं. आणि असं वाटलं याचं फार वाईट वाटलं.

८ मार्च, शनिवार

लिंक आली. 'प्रिय डॉक्टर येओ' अशी सुरुवात. त्यांच्या नावाचा ईमेल मी उघडला.

पत्र चिकटवलं. खाली एक चौकोन आहे. 'वर नाव दिलेली व्यक्ती मीच आहे, याची मी खात्री देतो.' त्यात बरोबरची खूण केल्याशिवाय पुढचं बटण उमटत नाही.

खूण केली. बटण उमटलं.

आत ट्रेवर टकटक झालं. दोनदा.

या वेळी मी उठले नाही. बसूनच मोठ्याने विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला काय पाहिजे?" उत्तर आलं नाही. आरशाची ती दांडी मी स्वतः वाफेवर शेकून, पाकिटात भरून, खोक्यात टाकली आहे. खोक्याला टेप आहे. मी जाऊन टेप पाहून आले, तशीच होती.

खूण काढून टाकली. घरी आले. रत्नदीपला अर्धंमुर्धं सांगितलं, टकटकीचं नाही, पत्राचं. तो म्हणाला, "अगं, कोणाला कळणार आहे? तूच तर लिहायचीस." अगदी माझंच वाक्य. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मात्र कसंतरीच झालं. अजून अकरा दिवस आहेत.

१३ मार्च, गुरुवार

आज खूण करून पुन्हा काढली. तिसरी वेळ. टकटक झाली नाही. मी वाट बघत होते, हे लिहून ठेवायला हवं.

मैत्रेयीने दोनदा विचारलं, "डॉक्टरांचं लेटर गेलं का? साइटवर अजून पेंडिंग दाखवतंय." मी म्हटलं, सिस्टिमला वेळ लागतो. एका खोट्यामागे दुसरं किती मुकाट्याने येतं. हे पत्र गेलं नाही तर तिचा अर्ज अर्धवट राहील आणि तो माझ्यामुळे राहील. आणि गेलं तर मेलेल्या माणसाच्या तोंडी मी ते शब्द घातले असतील. मला रात्रंदिवस हेच.

१५ मार्च, शनिवार

आजचं आजच लिहिते.

मैत्रेयी सामान बांधायला क्लिनिकमध्ये आली होती. मी कोपऱ्यावरून जेवण घेऊन परत आले तर ती कॉम्प्युटरसमोर बसलेली. स्क्रीनवर पत्र, सकाळपासून उघडंच होतं. मी पिशव्या हातात घेऊन दारातच उभी.

ती वळून म्हणाली, "आई, धिस इज नॉट मी."

मी म्हटलं, "अगं, डॉक्टरांनी..."

"मॅडम सोहबरोबर कोण मोजतं? मला होक्किएनमध्ये तीनपर्यंतच येतं. तो टॅक्सी अंकलचा डाग, तेव्हा मी शाळेत होते, इथे यायचेही नाही." तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. "आई, धिस इज यू लाह. सगळं तूच आहेस. फक्त नाव माझं घातलंयस."

मी पिशव्या खाली ठेवल्या. मग पर्समधून ही वही काढली, चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली आणि विचारलं, "हे काय आहे?"

तिने चिठ्ठी पाहिली आणि तिला रडू फुटलं. "ही मी आहे," म्हणाली.

मे महिन्यातला पहिला शनिवार. मी असंच जेवण आणायला गेले होते. डॉक्टर अक्कलदाढ काढत होते, मैत्रेयी बघत होती. रक्त पाहून ती तिथेच कोसळली. ट्रे पडला, उलटी झाली. डॉक्टरांनी तिचे पाय खोक्यावर ठेवले, पाणी दिलं. ती म्हणाली, आईला सांगू नका. ते म्हणाले, ठीक आहे, नाही सांगत, पण पुढच्या शनिवारी यायचं. मी परतले तेव्हा ती पोछा मारत होती. मला आठवतं ते! मी कौतुकाने म्हटलं होतं, पहिल्याच दिवशी कामाला लागली बघा. डॉक्टर खाली बघून हसले होते.

पुढच्या शनिवारी ती आली. परत चक्कर आली, या वेळी बसून घेतलं. ऑगस्टपर्यंत असं चाललं होतं. बाहेरच्या बाकावर गप्पा मारायची म्हणजे पाय थरथरायचे थांबेपर्यंत तिथे बसायची. मला यातलं काही दिसलं नाही. अनोळखी माणसाच्या गालातला डाग दिसला मला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी फेन्ट झाली नाहीस ना, आई. तुला सांगायची लाज वाटली."

मग मी जे दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं ते विचारलं. "तुला खरंच करायचंय का हे? माझ्यासाठी नाही, तुला?"

"हो." नाक पुसत म्हणाली. "भीती वाटते. तरी करायचंय. पण माझ्या लेटरने. मिस रोहायू कवळ्यांचं लिहील, लिहू दे. दोन दिवस मी प्रत्येकाच्या कॉटशी बसून, बोलून, एकेक कवळी लावून बघितली. अकराच्या अकरा मॅच झाल्या, आई. ते कोणीच विचारत नाही."

मीही विचारलं नव्हतं.

तिने फोनवर अर्ज उघडला. डॉक्टर येओंच्या नावापुढे 'काढून टाका' असं बटण होतं. ते दाबल्यावर विचारलं, 'नक्की?' तिने फोन माझ्या हातात दिला. "तू दाब."

मी दाबलं. ३१ जानेवारीला गेलेले डॉक्टर माझ्यासाठी आज, आत्ता गेले. मग मी रडले. मांडवात आलं नव्हतं ते सगळं आलं. मैत्रेयीने माझे पाय खोक्यावर ठेवले आणि पाणी दिलं. तिचे हात थरथरत होते, पण ग्लास तिने नीट धरला होता.

१९ मार्च, बुधवार

रोहायूचं पत्र काल गेलं, अर्ज पूर्ण झाला. तिने मैत्रेयीला वाचून दाखवलं म्हणे. कवळ्या आहेत. शेवटी असंही आहे, की ही मुलगी चूक झाली की पळून जात नाही, खुर्ची ओढून बसते. रत्नदीप म्हणाला, "हे चांगलं की वाईट?" मैत्रेयी म्हणाली, "पप्पा, रिलॅक्स लाह." प्रवेश होईल की नाही, कोण जाणे. लाल दोरा आज स्टेशनच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

२९ मार्च, शनिवार

क्लिनिकचा शेवटचा दिवस. दुपारी खुर्ची न्यायला माणसं येणार होती. मी सकाळीच जाऊन कॉम्प्युटरमधून एकेक पत्र पुसत होते. ते एक पुसायच्या आधी उघडलं.

मैत्रेयीचं नाव खोडून तिथे माझं घातलं. डिग्रीवर आहे ते. मग पहिल्यापासून वाचत गेले, कुठे काय बदलावं लागतंय ते बघत. एक शब्दही बदलावा लागला नाही.

कागद छापून घेतला. आत गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा खुर्चीला वळसा घालून उजव्या बाजूला, डॉक्टरांच्या जागी जाऊन उभी राहिले. तिथून माझी जागा कशी दिसते ते पाहिलं. फार जवळ दिसते. हात पुढे केला तर लागेल इतकी जवळ. त्यांना सगळं दिसत असणार.

टकटक व्हायची वाट पाहिली. झाली नाही.

कागदाच्या तळाशी नेहमीप्रमाणे सहीपुरती जागा सोडलेली होती. ट्रेवर कागद ठेवून मी सही केली. डॉ. सुलेखा सोनकांबळे, बी.डी.एस. एकवीस वर्षांनी केली, तरी वळण तेच आलं. हे पत्र कुणाला पाठवायचं नाही. घडी घालून चिठ्ठीजवळ ठेवलंय.

दारावर खुर्ची नेणारी माणसं आली होती. मी दिवा बंद केला आणि त्यांना आत घेतलं.